गुलमर्गला मित्रांसोबत स्कीइंग: खर्च वाढवणाऱ्या या चुका टाळा

आम्ही सहा जण पहिल्यांदा पुण्याहून गुलमर्गला गेलो, तेव्हा सात दिवसांचे पैसे मोजले आणि प्रत्यक्ष बर्फावर उभे राहिलो साडेतीन दिवस. परत आल्यावर वहीत हिशेब मांडला. स्लेजवाल्याशी शंभर रुपयांसाठी घातलेली हुज्जत त्यात कुठे दिसतसुद्धा नव्हती. दिसत होते ते खोलीचे, गाडीचे आणि भाड्याच्या सामानाचे पैसे. आम्ही स्की केलं नाही त्या दिवशीही ते चालूच होते. तेव्हापासून कुठलाही खर्च ठरवताना मी एकच बघतो: यामुळे बर्फावरचा वेळ वाढतोय की कमी होतोय?

नाताळची सुट्टी धरून बुकिंग करणं

सगळ्यांची रजा जुळते म्हणून डिसेंबरचा शेवटचा आठवडा निवडला जातो. तेव्हा खोल्यांचे दर चढलेले असतात आणि स्कीइंगपुरतं बर्फ असेलच असं नसतं. काश्मीरमधला कडक थंडीचा चाळीस दिवसांचा काळ, चिल्लई कलां, सुरूच होतो 21 डिसेंबरला. बर्फाचा चांगला थर बसायला वेळ लागतो. जानेवारीच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंतचे दिवस बघा, तेही शक्यतो सोमवार ते शुक्रवार.

अर्थात तेव्हाही खात्री नाही. जानेवारी 2024 मध्ये गुलमर्गचे उतार कोरडे पडले होते. 2025 मध्ये तर बर्फ कमी म्हणून खेलो इंडियाच्या हिवाळी स्पर्धा फेब्रुवारीतून पुढे ढकलून मार्चमध्ये घ्याव्या लागल्या. त्यामुळे रद्द केल्यावर पैसे परत मिळतील अशीच खोली घ्या, भले ती थोडी महाग पडो. त्या स्पर्धांच्या तारखाही आधी बघून ठेवा, कारण त्या दिवसांत खोली मिळणं अवघड जातं.

स्वस्त खोलीसाठी टंगमर्गला राहणं

टंगमर्ग गुलमर्गच्या खाली 13 किलोमीटरवर आहे. तिथे खोल्या स्वस्त मिळतात, म्हणून आम्ही तिथे उतरलो. रात्री बर्फ पडला की सकाळी आधी रस्ता मोकळा होणार, मग चाकांना साखळ्या लावलेली गाडी मिळणार, मग घाटात रांग. उतारावर पोचेपर्यंत अकरा वाजून जायचे आणि चारला परतीची घाई. खोलीत वाचलेले पैसे गाडीत गेले आणि सकाळचं चांगलं बर्फ हातचं गेलं ते वेगळंच.

नुसतं बर्फ बघायला जाणाऱ्यांना टंगमर्ग उत्तम आहे. स्की करायचं असेल तर तेवढ्या रात्री गुलमर्गमध्येच, उताराकडे चालत जाता येईल अशा ठिकाणी काढा, आधीची आणि नंतरची रात्र श्रीनगरला. श्रीनगरहून गाडी ठरवताना सांगितलेलं भाडं टंगमर्गपर्यंतचं आहे की गुलमर्गपर्यंतचं, हे स्पष्ट विचारा. बर्फात बाहेरची गाडी खालीच थांबवतात आणि वर जायला दुसरी करावी लागते. हॉटेलला विचारायच्या गोष्टी दोन: बुखारीचे (खोली गरम ठेवणाऱ्या शेगडीचे) किंवा हीटरचे वेगळे पैसे आहेत का, आणि गरम पाणी किती वाजता येतं. तिन्ही वेळच्या जेवणाचं पॅकेज घेऊ नका. दुपारी तुम्ही उतारावर असणार, ते जेवण फुकट जातं.

सगळ्यांसाठी सगळं सारखं घेणं

मित्रांच्या सहलीत सर्वात जास्त पैसा इथे जातो, आणि मनंही इथेच दुखावतात. आमच्यात दोघांनी आधी स्की केलेलं, तिघे अगदी नवखे, आणि एकीला बर्फात फिरायचं होतं एवढंच. आम्ही सगळा खर्च सहा जणांत सारखा वाटला. जिनं स्कीला हात लावला नाही तिनं प्रशिक्षकाचे पैसे भरले, आणि ती काही बोलली नाही. याचं मला आजही वाईट वाटतं.

आता आमचा नियम आहे. खोली, गाडी, रात्रीचं जेवण सामायिक. स्की, प्रशिक्षक, गंडोला (डोंगरावर जाणारी केबल कार) टीटीएमएम. हे निघण्याआधीच बोलून घ्यायचं. सामायिक पैसे एकाकडे जमा करायचे आणि रोज रात्री हिशेब ग्रुपवर टाकायचा.

प्रशिक्षक एकाच पातळीच्या दोघातिघांत मिळून घ्या. स्की येणारे आणि नवखे एकत्र बांधले की येणारे उभे राहून थिजतात आणि नवखे बिचारे घाईत पडतात. दर माणशी आहे की गटाचा, दिवस म्हणजे किती तास, दोन्ही आधी पक्कं करा.

सगळाच ग्रुप नवखा असेल तर केंद्रीय पर्यटन मंत्रालयाची भारतीय स्कीइंग व पर्वतारोहण संस्था गुलमर्गमध्येच आहे. तिथे हिवाळ्यात अभ्यासक्रम चालतात. राहणं, सामान आणि प्रशिक्षण एकत्र मिळत असेल, तर सुटं सुटं घेण्यापेक्षा ते बरंच स्वस्त पडतं. शुल्कात काय काय येतं ते अर्ज करण्याआधी विचारा. तिथे वेळेची शिस्त असते, दहाला उठणाऱ्यांनी विचार करून जावं.

बूट घाईत घेणं

भाड्याचे बूट चुकले की दुसऱ्या दिवशी माणूस खोलीत बसतो, आणि तो दिवस पूर्ण पैशांचा असतो. आमच्या एका मित्राला बूट घट्ट वाटले म्हणून त्यानं एक नंबर मोठे घेतले. वर थंडी नको म्हणून आत दोन जोड मोजे. संध्याकाळी बूट काढले तेव्हा दोन्ही टाचांची साल निघाली होती.

बूट घालताना खाली बसा आणि टाच मागे आपटून बसवा, मगच कड्या लावा. सरळ उभं राहिल्यावर बोटांची टोकं पुढे जेमतेम टेकायला हवीत आणि गुडघे वाकवून पुढे झुकलात की बोटं किंचित मागे सरायला हवीत. टाच वर उचलली जाता कामा नये. मोजा एकच, लांब, लोकरीचा किंवा सिंथेटिक, आणि त्याला आत एकही सुरकुती नको. दुकानातच दहा मिनिटं बूट घालून चाला. वजन खरं सांगा, कारण पडल्यावर बूट स्कीपासून किती जोरानं सुटावा हे त्यावरून लावतात. स्कीवरच्या आधीच्या ओरखड्यांचे फोटो काढून ठेवा.

जाकीट आणि पँट भाड्यानं चालते. हातमोजे, मोजे आणि गॉगल मात्र स्वतःचे न्या. जीन्स आणि सुती बनियन भिजले की लवकर वाळत नाहीत.

पहिल्याच दिवशी गंडोला

नवख्यांचं शिकणं बाजाराजवळच्या सौम्य उतारांवर होतं. गंडोलाचा पहिला टप्पा कोंगडोरीला जातो, दुसरा अफरवटवर, साधारण 3,950 मीटरपर्यंत. वरचे उतार मुरलेल्यांसाठी आहेत, तिथे हिमस्खलनाचा धोका असतो. तेव्हा नवख्यांनी एकदाच, बघण्यासाठी जावं. तिकीट सरकारी केबल कार कॉर्पोरेशनच्या संकेतस्थळावरूनच काढा, दारात मिळवून देतो म्हणणाऱ्याकडून नको. वारा वाढला की दुसरा टप्पा बंद ठेवतात, म्हणून ते शेवटच्या दिवसावर टाकू नका.

प्रीपेड सिमवर विसंबणं

बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड सिम जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाही, पोस्टपेड चालतं. विमानतळावर आमच्या सहापैकी एकच फोन जिवंत होता. यूपीआय बंद, गंडोलाची तिकिटं मेलमध्ये अडकलेली. दोघांकडे तरी पोस्टपेड असू द्या, तिकिटं आधीच फोनमध्ये उतरवून ठेवा आणि श्रीनगरलाच रोख काढून घ्या.

खाण्याचं थोडक्यात: भडंग, डिंकाचे लाडू, चिक्की आणि थर्मास सोबत असला की उतारावरचा चहा-नाश्त्याचा खर्च जवळजवळ संपतो. विम्याचं मात्र नीट वाचा. अनेक प्रवास विम्यांत स्कीइंग धरलेलं नसतं, थोडे जास्त भरून ते घालून घ्यावं लागतं.

परतीचं विमान दुपारचं घ्या. सकाळी श्रीनगरला धुकं असतं, आणि गुलमर्गहून थेट विमानतळ गाठायच्या बेतात रात्री बर्फ पडला तर सहाही तिकिटं पुन्हा काढावी लागतात.