दगडखाणीच्या पर्यावरण मंजुरीवर हरकत घेताना या चुका टाळा

नाशिकच्या काळ्या पाषाणात सोने नाही. सोन्याची खाण म्हटले की कर्नाटकातले कोलार आणि हट्टी आठवतात, आणि त्यांपैकी कोलारची खाण तर २००१ मध्येच बंद झाली. आपल्याकडे डोंगर फुटतो तो खडीसाठी, कारण २०२७ चा सिंहस्थ, महामार्ग आणि दरवर्षी पसरणारे शहर या तिघांनाही ती लागते. सोन्याच्या खाणीत सायनाइडमिश्रित गाळाचे काय करायचे हा मोठा प्रश्न असतो, तर दगडखाणीत धूळ, सुरुंग आणि आटणारे झरे हे प्रश्न असतात. तपासणीची चौकट मात्र दोन्हींना एकच, म्हणजे पर्यावरण (संरक्षण) अधिनियम, १९८६ खाली काढलेली १४ सप्टेंबर २००६ ची अधिसूचना, जिच्यानुसार खाणीला आधी पर्यावरण मंजुरी घ्यावी लागते. या चौकटीत गावांकडून जाणाऱ्या बऱ्याच हरकती मी वाचल्या आहेत आणि काही लिहूनही दिल्या आहेत. त्या निष्फळ ठरतात तेव्हा गावाचे म्हणणे बहुधा खरेच असते, पण ते चुकीच्या कार्यालयात, चुकीच्या वेळी किंवा तपासता न येणाऱ्या शब्दांत मांडलेले असते.

पहिली चूक जमिनीबाबत होते. हरकतीत ‘सरकारी डोंगर’ एवढेच लिहिलेले असते. प्रत्यक्षात गायरान, वनजमीन, पाटबंधाऱ्यासाठी संपादित केलेली जमीन आणि महसूल खात्याकडची पडीक जमीन यांना लागणारे नियम वेगवेगळे आहेत, आणि एकाच डोंगराची एक बाजू गायरानात व दुसरी वनात असू शकते. म्हणून आधी गट क्रमांकाचा सातबारा काढावा, तलाठ्याकडे गाव नमुना १-अ म्हणजे वनजमिनींची नोंदवही पाहावी आणि खाणीच्या अर्जासोबतच्या नकाशातील अक्षांश-रेखांश मोबाइलवर टाकून ते खरोखर त्याच गटात पडतात का, हे शिवारात उभे राहून बघावे. वनजमीन निघाली तर १९८० च्या वन कायद्याखालील परवानगी स्वतंत्रपणे घ्यावी लागते. पर्यावरण मंजुरी मिळाली म्हणजे तीही मिळाली, असे होत नाही. पेठ, सुरगाणा व कळवण हे तालुके संपूर्ण आणि दिंडोरी, इगतपुरी, नाशिक व बागलाण यांतील काही गावे १९८५ च्या आदेशाने अनुसूचित क्षेत्रात आहेत. तेथे १९९६ च्या पेसा, म्हणजे अनुसूचित क्षेत्रातील पंचायतींच्या कायद्यानुसार गौण खनिजाचा (यात आपला दगडही आला) खाणपट्टा देण्यापूर्वी ग्रामसभेची किंवा योग्य स्तरावरील पंचायतीची शिफारस घ्यावी लागते. त्र्यंबकेश्वर तालुका या यादीनंतर अस्तित्वात आला, त्यामुळे तेथील गावाने आपले नाव जुन्या तालुक्याखाली शोधावे. अनुसूचित क्षेत्राचा मुद्दा अनेक हरकतींत शेवटच्या ओळीत उरकलेला दिसतो. तो पहिल्या पानावर हवा.

दुसरी चूक म्हणजे जनसुनावणी होईलच असे गृहीत धरून वाट पाहत बसणे. पाच हेक्टरपर्यंतच्या एकट्या दगडखाणीचा प्रस्ताव ब-२ प्रवर्गात जातो. त्याला आघात मूल्यांकन अहवाल, म्हणजे खाणीचा परिसरावर काय परिणाम होईल याचा अभ्यास, लागत नाही आणि जनसुनावणीही होत नाही. क्षेत्र त्याहून अधिक असले तर प्रस्ताव ब-१ मध्ये जातो आणि दोन्ही गोष्टी कराव्या लागतात. साहजिकच ४.९० हेक्टरचे अर्ज येतात. मोठे क्षेत्र तुकड्यांत दाखवून तपासणी चुकवण्याचा हा मार्ग सर्वोच्च न्यायालयाने २७ फेब्रुवारी २०१२ रोजी हरियाणातील एका प्रकरणात रोखला आणि पाच हेक्टरखालच्या पट्ट्यांनाही पर्यावरण मंजुरी लागू केली; त्यानंतर २०१६ मध्ये समूहाचा नियम आला. एकाच प्रकारच्या खनिजाच्या दोन पट्ट्यांच्या सीमांमधील अंतर ५०० मीटरपेक्षा कमी असेल, तर ते पट्टे एक समूह मानले जातात आणि त्यांची बेरीज पाच हेक्टरच्या पुढे गेली की अहवाल व जनसुनावणी टळत नाही. इथे गावकरी एक बारीक चूक करतात: अंतर खाणीच्या मध्यापासून मध्यापर्यंत मोजतात. ते सीमेपासून सीमेपर्यंत मोजायचे असते. शिवाय तीन वर्षे किंवा अधिक काळ बंद असलेले आणि १५ जानेवारी २०१६ पर्यंत मंजुरी मिळालेले पट्टे या बेरजेत धरले जात नाहीत, म्हणून डोंगरावर दिसेल तो प्रत्येक खड्डा यादीत घालू नये. एक नोंद चुकीची निघाली की उरलेल्या यादीवरही कोणी विश्वास ठेवत नाही.

अहवाल हाती आल्यावर निष्कर्षाचे प्रकरण वाचून थांबणे ही तिसरी चूक. मराठी सारांश छोटा असतो आणि वादाचा मुद्दा बहुधा इंग्रजी अहवालाच्या मोजमापांच्या प्रकरणात दडलेला असतो, तेव्हा गावातल्या कॉलेजात जाणाऱ्या दोन-तीन मुलांना दोन दिवस त्या प्रकरणासाठी बसवावे. हवा, पाणी आणि आवाज यांची मोजमापे पावसाळा वगळून एका ऋतूत केली तरी नियमात बसतात. ती मार्च ते मे या महिन्यांत केली असतील तर द्राक्षबागेवरच्या परिणामाचे चित्र अपुरे राहते: माल उतरलेला असतो, एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी झालेली असते, आणि ऑक्टोबर छाटणीनंतर फुलोरा येऊन मणी धरतात त्या दिवसांत, जेव्हा पानाफुलांवर बसणारी धूळ सर्वांत जास्त नडते, कोणी यंत्र लावलेलेच नसते. ‘धुळीने बागा उद्ध्वस्त होतील’ या वाक्याला अर्जदार सहज उत्तर देतो की १० मायक्रॉनखालील धूळ घनमीटरला १०० मायक्रोग्रॅम या चोवीस तासांच्या मर्यादेत आहे. मोजणी कोणत्या महिन्यात झाली, यंत्र बागेच्या बाजूला होते की वाऱ्याच्या उलट दिशेला, आणि सध्या चालू असलेल्या शेजारच्या खाणींची धूळ अंदाजात मिळवली आहे का, या तीन प्रश्नांना तसे उत्तर देता येत नाही.

पाण्याच्या बाबतीत अहवालात ‘उत्खनन भूजल पातळीच्या वरच राहील’ असे एक वाक्य हमखास असते. ते पायथ्याच्या विहिरीवरून काढलेले असेल तर आपल्या डोंगरांना ते पुरत नाही. आपला खडक लाव्हाच्या थरांवर थर बसून झाला आहे. पाणी झिजलेल्या वरच्या भागात, भेगांत आणि जाळीदार थरात मुरते आणि दोन थर जिथे भेटतात तिथे उतारावर झऱ्याच्या रूपाने बाहेर येते. ब्रह्मगिरी-अंजनेरीच्या बाजूला ज्यांचे आयुष्य गेले आहे त्यांना हे शिकवावे लागत नाही, तरी हरकतीत झऱ्याचे नावही नसते. खाणीचा तळ पायथ्याच्या विहिरीतील पाण्यापेक्षा शंभर फूट वर असला तरी तो या झऱ्याची वाट तोडू शकतो. झऱ्याचे ठिकाण, तो कोणत्या महिन्यापर्यंत वाहतो आणि त्यावर किती घरे व जनावरे अवलंबून आहेत, हे लिहून द्यावे. विहिरींची पातळी मे अखेरीस आणि ऑक्टोबरमध्ये दोरीने मोजून वहीत टिपली तरी ती नोंद मोलाची ठरते, आणि तिच्या जोडीला भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जवळच्या निरीक्षण विहिरीची आकडेवारी मागता येते.

सुरुंगाबाबत ‘घरांना तडे गेले’ असे लिहून भागत नाही, कारण तडा आधीचा नव्हता हे दाखवता आले पाहिजे. खाण सुरू होण्यापूर्वीच प्रत्येक घराच्या भिंतींचे तारखेसह फोटो काढावेत आणि तड्याशेजारी मोजपट्टी धरावी. खाण सुरक्षा महासंचालनालयाच्या १९९७ च्या परिपत्रकात खाणमालकाच्या मालकीच्या नसलेल्या राहत्या घरांसाठी जमिनीच्या कंपनाची मर्यादा ८ हर्ट्झखालील कंपनांना सेकंदाला ५ मिलिमीटर, ८ ते २५ हर्ट्झला १० आणि त्यापुढे १५ अशी आहे. कंपन घराशी मोजले जावे आणि नोंद ग्रामपंचायतीला द्यावी, ही अट नावानिशी मागावी. खडी क्रशरची तक्रार मात्र या हरकतीत कोंबू नये. क्रशर पर्यावरण मंजुरीच्या अनुसूचीत नाही, त्याला प्रदूषण नियंत्रण मंडळाचे संमतीपत्र लागते, तेव्हा ती तक्रार तिकडे स्वतंत्र द्यावी.

जनसुनावणीत मतदान नसते आणि गणपूर्तीची अटही नसते. म्हणून पाचशे माणसे आणली की प्रकल्प रद्द होईल, ही समजूत सोडावी. जिल्हाधिकारी किंवा त्यांच्या वतीने अपर जिल्हाधिकारी दर्जाचे अधिकारी तेथे फक्त म्हणणे नोंदवून घेतात, निर्णय राज्यस्तरावर तज्ज्ञ समितीच्या शिफारशीनंतर होतो, आणि जनसुनावणीत आलेल्या मुद्द्यांना अर्जदाराने अंतिम अहवालात उत्तर द्यायचे असते. क्रमांक घातलेल्या मुद्द्याला उत्तर टाळणे अवघड जाते, तर दहा मिनिटांच्या भाषणातून एखादेच वाक्य उरते. नोटिशीपासून किमान ३० दिवस मिळतात. त्या काळात लेखी हरकत द्यावी आणि तिच्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख व शिक्का घेतल्याशिवाय कार्यालयातून बाहेर पडू नये.

माझी स्वतःची चूक याच टप्प्यावरची. एका सुनावणीत आम्ही खडी वाहणाऱ्या हायवा गाड्यांच्या रस्त्यावरच्या शाळेचा मुद्दा चांगला मांडला, टाळ्याही पडल्या, आणि शेवटची एसटी चुकू नये म्हणून इतिवृत्त वाचून दाखवण्याआधीच आम्ही निघालो. पुढे प्रत हाती आली तेव्हा शाळेच्या जागी ‘ग्रामस्थांनी रस्त्याच्या रुंदीकरणाची विनंती केली’ असे वाक्य होते. इतिवृत्त त्याच ठिकाणी, लोकांच्या भाषेत वाचून दाखवणे अधिसूचनेनेच बंधनकारक केले आहे आणि चूक दुरुस्त करून घेण्याची संधीही तीच असते. आम्ही ती एसटीच्या आसनावर बसून घालवली. तेव्हापासून किमान चार जणांनी शेवटपर्यंत थांबायचे आणि एकाने मोबाइलवर वाचन ध्वनिमुद्रित करायचे, असे आधीच ठरवून जातो.

मंजुरी मिळाल्यावर गाव हताश होऊन कागद बांधून ठेवते, आणि मुदत तिथेच संपते. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाकडे अपील ३० दिवसांत करायचे असते; पुरेसे कारण दाखवल्यास आणखी ६० दिवसांपर्यंतचा उशीर माफ होऊ शकतो, त्यानंतर नाही. आपल्यासाठी खंडपीठ पुण्याला आहे. अपील करायचे नसले तरी मंजुरीपत्राची प्रत परिवेश या केंद्र सरकारच्या पर्यावरण मंजुऱ्यांच्या संकेतस्थळावरून उतरवून घ्यावी, कारण पाणी मारणे, झाडे लावणे, गाड्या ताडपत्रीने झाकणे अशा अटी त्यातच लिहिलेल्या असतात. अटींच्या पालनाचा अहवाल अर्जदाराला दरवर्षी १ जून आणि १ डिसेंबरला द्यावा लागतो. या दोन तारखांच्या आठवडाभर आधी रस्त्याचे आणि खाणीच्या कडेचे फोटो काढून ठेवले, म्हणजे अहवालातली झाडे शिवारात आहेत का हे पडताळता येते.