विरळणीनं धरलेला खांदा आणि ॲक्युपंक्चर: माझा अनुभव

दिंडोरीकडे आमची द्राक्षबाग आहे. ऑक्टोबर छाटणीनंतर विरळणी, म्हणजे घडातले जादा मणी काढणं, आली की दिवसभर मांडवाखाली हात वर आणि मानही वर. गेल्या हंगामात उजवा खांदा असा धरला की रात्री कूस बदलता येईना. हाडांच्या डॉक्टरांनी एक्स-रे पाहून सांगितलं, मणके ठीक आहेत, स्नायू आखडलेत. गोळीचा असर उतरला की ठणका पुन्हा सुरू.

शेवटी नाशिकला गंगापूर रोडवर ॲक्युपंक्चर घेतलं. जाण्याआधी सुया देणाऱ्या थेरपिस्टची नोंदणी बघितली. महाराष्ट्रात यासाठी २०१५ चा स्वतंत्र कायदा आहे. सुया केसासारख्या बारीक, सीलबंद पाकिटातून माझ्यासमोर काढलेल्या. टोचताना फारसं कळलं नाही. थोड्या वेळानं मात्र आत जड, ओढल्यासारखं वाटू लागलं आणि ते दंडापर्यंत उतरलं. खांद्याच्या माथ्यावरची सुई त्यांनी अगदी वरवर ठेवली, कारण तिथं खाली फुप्फुस असतं. हे न विचारता सांगणारा माणूस मला भरवशाचा वाटला.

पहिल्या दिवशी फरक नव्हता. काही आठवड्यांत झोप लागायला लागली. सोबत फिजिओथेरपीचे व्यायामही चालू होते, तेव्हा सगळं श्रेय सुयांना देणार नाही. पण व्यायाम करण्याइतका खांदा मोकळा झाला तो सुयांमुळेच, असं माझं ठाम मत आहे.

रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर सुया घेण्याआधी सांगा. हात बधिर होत असेल किंवा मुठीतली ताकद जात असेल, तर आधी डॉक्टरांना दाखवा.