गणितात पीएचडीला जायचंय? तयारी अशी करा

एम.एस्सी.चं शेवटचं वर्ष सुरू झालं आणि गणितात पीएचडी करायचं मनात पक्कं असेल, तर आधी कोरी वही काढा. फॉर्म, तारखा, फी यांचं नंतर पाहता येतं. वर्गात शिकलेलं एक प्रमेय घ्या, पुस्तक मिटा आणि सिद्धता स्वतः लिहा. अडलात तर का अडलात ते शोधा: व्याख्याच धड आठवत नाही, की एखादं गृहीतक वापरायचं राहून गेलं? मग तेच गृहीतक मुद्दाम काढून प्रमेय कुठे मोडतं ते बघा. बंद आणि मर्यादित अंतरालावर (इंटरव्हलवर) कंटिन्युअस फंक्शन युनिफॉर्मली कंटिन्युअस असतं, म्हणजे दोन संख्या पुरेशा जवळ घेतल्या की त्या कुठेही असोत, फंक्शनच्या किमतीही जवळच राहतात, हे सगळ्यांना पाठ असतं. सगळ्या वास्तव संख्यांवर मात्र साधं वर्गाचं फंक्शनसुद्धा तसं राहत नाही. १०० आणि १००.०१ यांचे वर्ग काढा, मग १००० आणि १०००.००१ यांचे. संख्या जवळ येत जातात, वर्गांतला फरक २ च्या खाली येतच नाही. अशी उदाहरणं स्वतःच्या हाताने सापडायला लागली की खरी तयारी सुरू झाली असं समजा. क्लासच्या नोट्समधून हे येत नाही, असं माझं ठाम मत आहे.

उन्हाळी शिबिरांचे अर्ज वेळेत भरा. १९९३ साली सुरू झालेलं एमटीटीएस हे गणिताचं उन्हाळी प्रशिक्षण शिबिर याच सवयीसाठी आहे. तिथे फळ्यापाशी उभं राहून विचार करावा लागतो. टीआयएफआरची (टाटा मूलभूत संशोधन संस्थेची) प्रवेश परीक्षा, एनबीएचएमची (राष्ट्रीय उच्च गणित मंडळाची) शिष्यवृत्ती परीक्षा, नेट आणि गेट या राष्ट्रीय पात्रता परीक्षा, या सगळ्यांचे जुने पेपर घड्याळ लावून सोडवा. नेटच्या भाग क मध्ये एकाहून जास्त पर्याय बरोबर असू शकतात आणि सगळे बरोबर पर्याय निवडले तरच गुण मिळतात, त्यामुळे अर्धवट समज तिथे लगेच उघडी पडते. नेटमधून जेआरएफ (संशोधनासाठीची फेलोशिप) मिळाली तर २०२३ पासूनच्या दराने महिना ३७,००० रुपये. घरच्यांशी बोलताना हा आकडा जवळ असू द्या.

मुलाखतीसाठी दोनच विषय निवडा, पण अगदी मुळापर्यंत करा. तुम्ही सांगितलेल्या विषयावरच बहुधा प्रश्न येतात. येत नसेल तर सरळ ‘येत नाही’ म्हणा आणि छोटं उदाहरण करून बघायची परवानगी मागा. शिफारसपत्रासाठी तुमचा विचार जवळून पाहिलेल्या सर-मॅडमना महिनाभर आधी गाठा.

ओबीसी उमेदवारांनी नॉन-क्रिमी लेयरचा दाखला केंद्र सरकारच्या नमुन्यात आत्ताच काढून ठेवावा. आयआयटी, आयसर (विज्ञान शिक्षण-संशोधनाच्या केंद्रीय संस्था) इथे राज्याचा नमुना चालत नाही आणि तहसीलच्या खेपांत ऐन वेळी दिवस जातात.

संस्थेच्या नावाइतकाच गाईड महत्त्वाचा. पवईची आयआयटी, पाषाणचं आयसर, कुलाब्याचं टीआयएफआर, चेन्नईच्या संस्था, कुठेही जा, त्या विभागातल्या प्राध्यापकांचे अलीकडचे शोधनिबंध अर्काइव्हवर (arXiv या मोफत संकेतस्थळावर) उघडून निदान प्रस्तावना वाचा. मग त्यांच्या सध्याच्या विद्यार्थ्यांना विचारा: सर आठवड्याला भेटतात का, पहिला प्रश्न कुणी सुचवला, आणि अडकून पडल्यावर ते काय करतात?