एल अँड टीसारखा दहा धंद्यांचा शेअर लाँग टर्मसाठी घ्यायचा तर आधी काय काय तपासायचं

पवईला एल अँड टीच्या गेटवरून रोज जाणाऱ्यांना विचारा ही कंपनी नक्की करते काय, तर एक जण अटल सेतू सांगेल, दुसरा म्हणेल आयटी, तिसऱ्याने त्यांच्या फायनान्स कंपनीकडून ट्रॅक्टरचं लोन घेतलेलं असेल, आणि हजीऱ्याला बनणाऱ्या तोफा आठवणाराही एखादा भेटेलच. सगळे बरोबर. आणि शेअर घेताना गडबड नेमकी इथेच होते, कारण "भक्कम कंपनी आहे, घे आणि विसरून जा" असं कोणीतरी सांगतं आणि आपण नाव बघून घेतो, आत कोण कमावतंय आणि कोण खातंय ते बघतच नाही. मी २००७ मध्ये असाच एका ग्रुपचा शेअर घेतला होता, नाव घेत नाही, मूळ धंदा एकदम खणखणीत होता पण त्यातून आलेला पैसा आणि वर काढलेलं कर्ज असं सगळं दुसऱ्याच दोन धंद्यांत ओतलं गेलं आणि माझे पैसे तिथेच बुडाले. तेव्हापासून असा शेअर घ्यायचा म्हटलं की मी दोन रविवार काढतो. कसे ते एल अँड टीवरच दाखवतो. घ्या किंवा विका असं सांगत नाहीये, पद्धत सांगतोय.

पहिलं काम म्हणजे कंपनीच्या साइटवरून अॅन्युअल रिपोर्ट डाउनलोड करा. पानं बघून घाबरू नका, सगळं वाचायचं नाहीये, फाइलमध्ये 'सेगमेंट' शब्द सर्च करा आणि त्या तक्त्यापाशी थांबा. तिथे प्रत्येक धंद्याची विक्री, नफा आणि त्यात किती पैसा अडकलाय हे तीन आकडे मिळतात, ते वहीत लिहून घ्या, आणि मागच्या चार-पाच वर्षांचेही शेजारी लिहा. २०२४-२५ मध्ये एल अँड टीची एकत्रित विक्री २,५५,७३४ कोटी आणि निव्वळ नफा १५,०३७ कोटी होता. आता एलटीआयमाइंडट्री (आयटी), एलटीटीएस (इंजिनिअरिंगच्या तांत्रिक सेवा देणारी) आणि एल अँड टी फायनान्स (कर्ज देणारी) या तीन लिस्टेड कंपन्यांच्या नफ्यातला एल अँड टीच्या वाट्याचा भाग काढला तर तो ५,८०० कोटींच्या आसपास येतो, म्हणजे शंभरातले जवळपास चाळीस रुपये आयटी आणि कर्जवाटपातून आले! पूल आणि मेट्रो बघून शेअर घेणाऱ्याला हे माहीतच नसतं.

इथे एक सांभाळायचं. एकत्रित ताळेबंदात कर्जाचा आकडा बघून धडकी भरते, पण त्यातला मोठा भाग फायनान्स कंपनीचा आहे आणि उधार घेऊन उधार देणं हाच तिचा धंदा, कर्ज हा तिचा कच्चा माल. म्हणून फायनान्स बाजूला काढून बाकी धंद्यांवर कर्ज किती ते वेगळं बघा, नाहीतर चांगली कंपनी कर्जबाजारी वाटेल.

आता दुसरं काम, मला सगळ्यात आवडणारं. तुमच्या १०० एल अँड टी शेअरच्या पोटात बाकी काय आहे ते मोजा. एल अँड टीकडे एलटीआयमाइंडट्रीचे ६८-६९ टक्के, एलटीटीएसचे ७३-७४ टक्के आणि फायनान्सचे ६६ टक्के शेअर आहेत. ते एल अँड टीच्या साधारण १३७ कोटी शेअर्समध्ये वाटले तर तुमच्या १०० मागे अंदाजे १५ एलटीआयमाइंडट्री, ६ पेक्षा थोडे कमी एलटीटीएस आणि १२० फायनान्सचे येतात. हिशोब सोपा व्हावा म्हणून भाव समजा ५,०००, ४,००० आणि २०० धरले, तर ७५,००० अधिक २४,००० अधिक २४,००० म्हणजे १,२३,०००. तुम्ही एल अँड टी समजा ३,६०० ला घेताय, म्हणजे ३,६०,००० मोजताय. वजा केले की उरले २,३७,०००, हे तुम्ही कन्स्ट्रक्शन, हेवी इंजिनिअरिंग, डिफेन्स वगैरे मूळ धंद्याचे देताय. त्या मूळ धंद्याचा वर्षाचा नफा वरच्याच आकड्यांवरून साधारण ९,२०० कोटी, म्हणजे १०० शेअरमागे ६,७०० च्या आसपास. भागाकार केला की भाव नफ्याच्या पस्तीस पट येतो. तुमच्या दिवशी जो भाव असेल तो टाकून हेच करायचं.

पण थांबा, ते १,२३,००० पूर्ण धरायचे का? तर नाही. ते शेअर तुमच्या डीमॅटमध्ये नाहीत, तुम्ही विकू शकत नाही, आणि कंपनीने विकलेच तर त्यावर टॅक्स लागेल, म्हणून बाजार त्यात काटछाट करतो ज्याला होल्डिंग डिस्काउंट म्हणतात. मी पंचवीस टक्के कापतो. मग ते ९२,००० राहतात आणि मूळ धंदा पस्तीसऐवजी चाळीस पटीला पडतो. एवढं देण्यासारखी त्याची वाढ आहे का, हा प्रश्न आता तुमच्यासमोर स्वच्छ उभा राहतो, जो नुसत्या एकत्रित पीईवरून (भाव नफ्याच्या किती पट ते) कधीच दिसला नसता.

तिसरं, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं: मॅनेजमेंट पैसा कुठून काढतं आणि कुठे घालतं. दहा धंद्यांच्या कंपनीत तुम्ही खरं तर हा निर्णय घेणाऱ्या माणसांवर पैसे लावता. एल अँड टीचा इतिहास यासाठी वाचण्यासारखा आहे. सिमेंट त्यांचंच होतं, २००१ मध्ये रिलायन्सकडचे दहा टक्के शेअर बिर्लांच्या ग्रासिमने घेतले आणि बरीच ओढाताण होऊन २००४ मध्ये सिमेंट वेगळं निघालं, तेच आजचं अल्ट्राटेक, त्यात शेअरहोल्डरला जुन्या १० शेअरमागे अल्ट्राटेकचे ४ हातात मिळाले. इलेक्ट्रिकल अँड ऑटोमेशन हा चांगला चालणारा धंदा १४,००० कोटींना श्नायडरला विकला, २०२० मध्ये पैसे आले आणि शेअरमागे १८ रुपये स्पेशल डिव्हिडंड दिला. २०२३ ला १०,००० कोटींचा बायबॅक केला, म्हणजे स्वतःचेच शेअर शेअरहोल्डरकडून परत विकत घेतले. दुसऱ्या बाजूला हैदराबाद मेट्रो आहे, जिने वर्षानुवर्षं तोटाच दाखवला आणि भांडवल अडकवून ठेवलं. दोन्ही बाजू लिहा. मला इथे जमेची बाजू जड वाटते, कारण विकायची वेळ आली की ही कंपनी विकते, आणि भारतात ग्रुप कंपन्यांना नेमकं तेच जमत नाही. शिवाय इथे प्रमोटर, म्हणजे कंपनी ताब्यात असलेलं मालक घराणं, नाही, कर्मचाऱ्यांच्या ट्रस्टकडेच चौदा टक्क्यांच्या आसपास शेअर आहेत, त्यामुळे घरच्या दुसऱ्या कंपनीला वाचवायला पैसे वळवले जातील ही भीती कमी. जिथे प्रमोटर आहे तिथे मात्र रिलेटेड पार्टी व्यवहार (घरच्याच कंपन्यांशी केलेले) आणि प्लेज केलेले, म्हणजे गहाण ठेवलेले शेअर हे दोन तक्ते बघितल्याशिवाय पुढे जाऊच नका.

ऑर्डर बुकबद्दल थोडं. मार्च २०२५ ला ५.७९ लाख कोटींच्या ऑर्डर हातात होत्या, बातमीत हा आकडा आला की लोक उड्या मारतात. पण ऑर्डर म्हणजे नफा नाही हो, प्रोजेक्टच्या धंद्यात १०० रुपयांच्या कामावर एबिटडा (व्याज, टॅक्स आणि घसारा वजा करण्याआधीचा नफा) आठच्या आसपास सुटतो, स्टील महागलं किंवा काम लांबलं की त्यातूनही जातो. आणि त्या ऑर्डरपैकी ४६ टक्के परदेशातल्या, त्यातही मोठा वाटा आखाताचा, म्हणजे तेलाचा भाव पडला की तिथली सरकारं हात आखडता घेणार हे गृहीत धरा. मी ऑर्डरपेक्षा वर्किंग कॅपिटल जास्त बघतो, विक्रीच्या किती टक्के पैसा बिलांत आणि मालात अडकून पडलाय ते. मार्च २०२३ ला तो १६ च्या आसपास होता, मार्च २०२५ ला ११ वर आला. हे वेळेत वसुली होत असल्याचं लक्षण, आणि उलटं फिरायला लागलं तर सगळ्यात आधी इथेच दिसेल.

शेवटी भाव. २००७ च्या अखेरीस इन्फ्राच्या लाटेत ज्यांनी वरच्या टोकाला एल अँड टी घेतला, त्यांना बोनस धरूनही तोच भाव परत दिसायला २०१४ उजाडलं. कंपनी तीच होती, काम वाढतच होतं, फक्त भाव फार दिला गेला होता. आणि तरी २००४ चं सिमेंट वेगळं झाल्यानंतर ज्याच्याकडे १०० शेअर होते आणि ज्याने हात लावला नाही, त्याचे २००६, २००८, २०१३ आणि २०१७ च्या बोनसनंतर ९०० झाले. म्हणून मी एकदम घेत नाही, ठरलेल्या रकमेचे सहा-आठ भाग करतो आणि वर्ष-दीड वर्षात घेतो, आणि वरचा मूळ धंद्याचा पट माझ्या हिशोबाच्या बाहेर गेला की त्या महिन्याचा भाग थांबवतो, विकत नाही.

घेतल्यावर दर तीन महिन्यांनी रिझल्ट आला की तीनच आकडे वहीत चढवा: प्रोजेक्ट धंद्याचं मार्जिन, वर्किंग कॅपिटलचे टक्के आणि रिटर्न ऑन इक्विटी (शेअरहोल्डरच्या पैशावर किती टक्के नफा सुटला ते), जो २०२४-२५ मध्ये १६ टक्क्यांच्या थोडा वर होता. आणि नवीन कुठल्या धंद्यात किती कोटी घालणार हे कॉनकॉलमध्ये (रिझल्टनंतर मॅनेजमेंटच्या फोनवरच्या चर्चेत) सांगितलं की ते तारखेसकट लिहा, दोन वर्षांनी त्याच पानावर परत या आणि त्या पैशाचं काय झालं ते शेजारी लिहा.