कुंपणाला हॉथॉर्न नको, करवंदीचं बी आत्ताच राखा

ऑनलाइन फोटो बघून यंदा दोघातिघांनी विचारलं, कलमांच्या बागेभोवती हॉथॉर्न लावू का? नका लावू. झाड वाईट नाही. सफरचंदाच्या कुळातलं, काटेरी, इंग्लंडात शेतांच्या कडेला शेकडो वर्षं त्याचीच कुंपणं आहेत. आपल्या देशात ते काश्मीर-हिमाचलाकडे दिसतं. पण त्याचं बी रुजायलाच महिनोन्महिने गारठा लागतो. दापोली-देवगडात तो कुठून आणणार? वर आपला 3000 मिलिमीटरच्या आसपासचा पाऊस.

सड्यावर, म्हणजे आपल्या कातळाच्या उघड्या माळावर, करवंदीची जाळी असताना बाहेरचं रोप विकत घ्यायचंच कशाला! काटा बघा, टोकाला बहुतेक दुफाट्याचा. पान तोडलं की पांढरा चीक, म्हणून गुरं तोंड लावत नाहीत. कातळावरच्या वीतभर मातीतही ती तग धरते.

मेअखेर आहे, तेव्हा बियांचं काम याच आठवड्यात करा. पूर्ण काळी, बोटांनी दाबली की फुटणारी करवंदं घ्या. फळं मोठी आणि घोस भरलेले असतील अशाच जाळीची. गर चोळून धुवा, बी सावलीत सुकवा आणि चार-सहा दिवसांत पिशव्यांत पेरा. डब्यात भरून पुढच्या वर्षासाठी ठेवलेलं बी उगवत नाही, इथेच बहुतेकांची फसगत होते. हाताला चीक लागला तर आधी खोबरेल चोळा, मग साबण. फळांसाठीही लागवड करायची असेल तर दापोलीच्या कृषी विद्यापीठाची 'कोकण बोल्ड' जात आहे.

गेल्या वर्षीची रोपं तयार असतील तर पहिले दोन पाऊस चांगले लागले की लावा. फूटभर खोल चर, त्यात शेणखत आणि बाहेरची माती, दोन ओळी नागमोडी, रोपांत दोन ते अडीच फूट. रोप गुडघ्याएवढं झालं की शेंडा खुडा. जीव होत नाही, ठाऊक आहे, पण न खुडलेली करवंद वरच झुपकेदार होते आणि खालून बकरी आत शिरते. पुढची छाटणी दरवर्षी फळं उतरली की लगेच. उशीर केलात तर जानेवारी-फेब्रुवारीचा मोहोर कापला जाईल.

पहिली दोन वर्षं बाहेरून काटेरी फांद्या रोवा, कोवळी रोपं गुरांच्या पायाखाली जातात. वानरांना मात्र हे कुंपण अडवणार नाही. आणि दिवाळीनंतर कुंपणालगतचं तीन-चार हात गवत कापून काढा, सड्यावरचा वणवा दोन वर्षांची मेहनत एका दुपारी नेतो.