क्लोरीन भरपूर, तरी पाणी हिरवं

घरामागच्या स्विमिंग पूलमध्ये दोन सीझन मी नुसत्या ट्रायक्लोर टॅब्लेट (स्टॅबिलायझर मिसळलेल्या क्लोरीनच्या गोळ्या) टाकत होतो, फ्लोटरमध्ये म्हणजे तरंगत्या डबीत ठेवल्या की झालं. मग पाणी हिरवट व्हायला लागलं आणि गंमत म्हणजे टेस्टमध्ये क्लोरीन ३ पीपीएम (दहा लाखात तीन भाग), म्हणजे पुरेसं दाखवत होतं, म्हणून अजून टॅब्लेट टाकल्या, म्हणजे आगीत तेलच!

शेवटी स्टॅबिलायझर म्हणजे सायन्युरिक अ‍ॅसिड तपासलं तर १०० च्या वर, पाहिजे ३० ते ५०. हे उन्हापासून क्लोरीन वाचवतं खरं, पण जास्त झालं की क्लोरीनला बांधून ठेवतं, मग टेस्टमध्ये दिसलं तरी ते शेवाळावर नीट काम करत नाही, आणि ट्रायक्लोरमधून पाण्यात १० पीपीएम क्लोरीन गेलं की सोबत ६ पीपीएम सायन्युरिक अ‍ॅसिड पण जातं, आणि ते उडून जात नाही.

उपाय एकच, अर्धं पाणी काढून नवीन भरलं (जीवावर आलं होतं). आता लिक्विड क्लोरीन (यात स्टॅबिलायझर नसतं), रोज संध्याकाळी थोडं, पीएच ७.२ ते ७.८ मध्ये. कॅन सावलीत ठेवा, उन्हात त्याचा जोर जातो. आणि हो, फ्लोटरमध्ये ट्रायक्लोरसोबत कॅल्शियम हायपोक्लोराइट (क्लोरीनचाच दुसरा प्रकार) चुकूनही टाकू नका, भडका उडू शकतो.