भूकंपात कुत्र्या-मांजरांना जपताना या चुका टाळा

कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७ ला झाला, पहाटे सव्वाचार उलटल्यावर. किल्लारीचा ३० सप्टेंबर १९९३ ला, पहाटेचे चार वाजायला चार मिनिटं असताना. आदल्या दिवशी गणपतींचं विसर्जन झालं होतं, गावंच्या गावं दमून झोपली होती. दोन्ही वेळा अंधार, दोन्ही वेळा साखरझोप. भूकंपाच्या तयारीच्या ज्या याद्या आपल्याकडे फिरतात त्यांत टॉर्च असते, शिट्टी असते, कागदपत्रं असतात. पलंगाखाली झोपलेला कुत्रा आणि कपाटावर चढलेली मांजर मात्र त्यांत नसते.

ही जुनी गोष्ट झाली असंही नाही. नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरी पट्ट्यात, धुंदलवाडीच्या आसपास, लहान-मोठे धक्के महिनोन्महिने चालू राहिले आणि लोकांनी रात्री तंबूत काढल्या. २०२४ च्या मार्चमध्ये आणि पुन्हा जुलैमध्ये हिंगोली भागात ४.५ तीव्रतेचे धक्के बसले, ते नांदेड-परभणीपर्यंत जाणवले. या सगळ्या घरांत जनावरं होतीच.

माझं म्हणणं एवढंच आहे, की पाळीव जनावर आपल्या हातातून जातं ते बहुधा त्या अर्ध्या-पाऊण मिनिटाच्या हादऱ्यात नाही. ते नंतर जातं. उघड्या राहिलेल्या दारातून, चुकीच्या औषधाने, किंवा ‘दोन दिवसांत परत येऊच’ या भरवशावर. खालच्या बहुतेक चुका त्या नंतरच्याच आहेत.

घर हलत असताना मांजरामागे धावणं

ही एक चूक तेवढी हादऱ्यातली. जमीन हलत असताना माणसाला चार पावलंही नीट टाकता येत नाहीत, आणि इजा होते ती बऱ्याचदा अशा धावपळीतच. खाली बसा, मजबूत टेबलाखाली शिरा, डोकं-मान झाका, टेबलाचा पाय धरून ठेवा. कुत्रा हाताशी असेल तर जवळ ओढा. नसेल तर नाव घेऊन हाका मारत उठू नका. मांजर अशा वेळी कुठल्यातरी सांदीत शिरते आणि ती जागा अनेकदा आपल्यापेक्षा बरी असते. घाबरलेल्या मांजराला धरायला गेलात तर ते कडकडून चावणार. मांजराचे दात बारीक आणि खोल रुततात, हात दुसऱ्या दिवशी सुजतो. ज्या हातांनी पुढची सगळी कामं करायची, तेच जायबंदी होतात.

अपवाद दगड-मातीच्या जुन्या घरांचा. किल्लारीत जीव गेले ते जाड दगडी भिंती आणि वरचं मातीचं जड माळवद अंगावर येऊन. अशा घरात तळमजल्यावर असाल आणि दार दोन पावलांवर असेल तर बाहेर मोकळ्यावर पळा. जनावर हाताशी असेल तर त्याला घेऊन, नाहीतर त्याच्याविना. हे लिहिताना मलाही जड जातं, पण मागे वळलेला माणूस आणि जनावर दोघंही जाण्यापेक्षा हे बरं.

‘आमच्या टायगरला आधीच कळेल’

भूकंपात आधी येतात त्या प्राथमिक लहरी, सेकंदाला साधारण सहा किलोमीटर वेगाने. घर हलवणाऱ्या दुय्यम लहरी मागून, साधारण साडेतीन किलोमीटर वेगाने येतात. केंद्र पन्नासेक किलोमीटरवर असेल तर दोन्हींत सहा-सात सेकंदांचं अंतर पडतं. पहिली हलकी थरथर कुत्र्याला जाणवते, आपल्याला बहुतेक वेळा नाही, म्हणून तो ‘आधी’ उठलेला दिसतो. सेकंदांची ही गोष्ट खरी आहे. दिवस-दोन दिवस आधी कळतं याला मात्र शास्त्राचा भक्कम आधार नाही. कुत्रा रात्री विव्हळतो म्हणून सोसायटीभर निरोप पाठवू नका, आणि तो शांत झोपलाय म्हणून निर्धास्तही राहू नका.

आधी दार उघडणं, मग पट्टा शोधणं

सगळ्यांत महागात पडणारी चूक हीच. हादरा थांबतो, घरातला कोणीतरी धावत जाऊन मुख्य दार सताड उघडतो, शेजारी जिन्यात ओरडत असतात, आणि त्या गोंधळात मांजर पायांमधून निसटून जिन्याने खाली जाते. कुत्रा रस्त्यावर पोचतो आणि वाट फुटेल तिकडे पळत सुटतो.

क्रम असा ठेवा. आधी पायात चप्पल, कारण जमिनीवर काचा असतात, तुमच्या पायाला आणि त्याच्या पंजांनाही. मग टॉर्च. काडी किंवा मेणबत्ती पेटवू नका, गॅस गळत असू शकतो. मग कुत्र्याला पट्टा, मांजर पिशवीत किंवा पिंजऱ्यात. दार उघडायचं त्यानंतर. भिंतीला मोठी भेग पडली असेल किंवा गॅसचा वास येत असेल तर मात्र थांबू नका. जे हाताशी आहे ते घेऊन निघा आणि जाताना दार नुसतं लोटून घ्या.

हे अंधारात जमायचं तर वस्तू जागच्या जागी हव्यात. एका कापडी पिशवीत जुनी बंद चप्पल, टॉर्च, शिट्टी, कुत्र्याचा पट्टा आणि जाड सुती अभ्रा घाला आणि ती पिशवी पलंगाच्या पायाला गाठ मारून बांधा. नुसती ठेवली तर हादऱ्यात घसरून कपाटाखाली जाते आणि ऐन वेळी सापडत नाही. अभ्रा मांजरासाठी. तिच्यावर वरून टॉवेल टाकायचा, टॉवेलसकट उचलायचं, मागच्या पायांकडून अभ्र्यात सोडायचं आणि तोंड मुठीत धरायचं. सुती कापडातून तिला श्वास घेता येतो, अंधारामुळे ती जराशी गप्पही होते. खाली उतरून पिंजऱ्यात ठेवेपर्यंत एवढं पुरतं.

पिंजरा म्हणजे प्रवासाची पेटी. ती माळ्यावर ठेवणं ही याच चुकीची बहीण. ज्या मांजराने पेटी फक्त डॉक्टरांकडे जाताना पाहिली आहे ते भूकंपाच्या रात्री तिच्यात शिरणार नाही. पेटी वर्षभर घरात कोपऱ्यात उघडी राहू दे, आत जुना टॉवेल, अधूनमधून खाऊ. दोनेक महिन्यांत मांजर स्वतःहून तिथे झोपायला लागते.

कुत्र्याला नुसत्या गळपट्ट्यावर धरू नका. घाबरलेला कुत्रा मान मागे खेचतो आणि पट्टा डोक्यावरून सुटतो. छातीभोवतीचा हार्नेस हवा, आणि त्याखाली दोन बोटं जेमतेम जातील इतपत घट्ट. शांत, प्रेमळ कुत्राही दुखापत झाल्यावर चावू शकतो, म्हणून उचलण्याआधी तोंडाला पट्टी किंवा ओढणीचा फास घाला. श्वास घ्यायला त्रास होत असेल तर घालू नका.

मांजर दिसत नाही म्हणजे पळालीच, असं समजणं

इमारत आत जाण्याजोगी आहे असं जाणकारांनी सांगितल्यावर आधी घरच पुन्हा शोधा. दिवाणाच्या आत, फ्रिजच्या मागच्या जाळीपाशी, वॉशिंग मशिनच्या खालून आत, गाद्यांच्या घड्यांत, ओट्याखालच्या सिलिंडरमागे. भेदरलेली मांजर हाकेला ओ देत नाही. तुम्ही तिच्यापासून हातभर अंतरावर असाल तरी आवाज करत नाही. त्यामुळे दिवसभर हाका मारून काही होत नाही. रात्री सगळं शांत झाल्यावर टॉर्च जमिनीलगत धरून फिरवा, डोळे चमकतात. वासाचं खाणं ठेवा आणि भोवती चिमूटभर पीठ भुरभुरवा. सकाळी पावलं उमटली असतील तर मांजर घरातच आहे.

बाहेर गेली असेल तरी घरात वाढलेली मांजर सहसा लांब जात नाही. वाहनतळातल्या गाड्यांखाली, जिन्याखालच्या अडगळीत, शेजारच्या इमारतीच्या मीटरखोलीत पाहा. पहिल्या दिवशी गावभर भटकण्यापेक्षा याच टापूत रोज रात्री फेरी मारलेली बरी.

आणि कोसळायला आलेल्या घरात तिच्यासाठी एकट्याने शिरू नका. जपानमध्ये कुमामोतोला १४ एप्रिल २०१६ च्या रात्री मोठा धक्का बसला. तो मुख्य धक्का समजून कित्येक जण घरी परतले, आणि १६ तारखेच्या मध्यरात्रीनंतर त्याहून मोठा आला. नेपाळमध्ये २५ एप्रिल २०१५ नंतर १२ मे रोजी ७.३ चा दुसरा हादरा होता. घर तपासून झाल्याशिवाय आत जायचं नाही. मदतपथकाला मात्र ‘आत मांजर आहे, अमुक खोलीत झोपते’ हे नक्की सांगा.

‘दोन दिवसांत परत येऊ’ म्हणून बांधून ठेवणं

११ मार्च २०११ च्या भूकंपानंतर फुकुशिमा अणुप्रकल्पाभोवतीचा वीस किलोमीटरचा भाग रिकामा केला गेला. लोकांना वाटलं, एक-दोन दिवसांचा प्रश्न आहे. कुत्रे साखळीला, गायी गोठ्यात, पुढ्यात दोन वेळचं खाणं. परत जाता आलंच नाही. गोठ्यांत बांधलेली गुरं जागच्या जागी भुकेने मेली. पुढे २०१३ मध्ये जपानच्या पर्यावरण मंत्रालयाने मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यांचा गाभाच असा, की घर सोडताना पाळीव प्राणी बरोबर न्यायचा.

आपल्याकडे निवाऱ्याच्या जागी प्राण्यांना घेतीलच असं गृहीत धरू नका. आत्ताच, सगळं ठीक असताना, दुसऱ्या गावातल्या एखाद्या नातेवाइकाशी बोलून ठेवा की वेळ आली तर कुत्र्याला महिनाभर सांभाळाल का. शक्य असेल तर दोघांशी बोला.

गुरांचं वेगळं. दावं सोडायला वेळ मिळाला तर सोडाच. मोकळं जनावर चरून, पाणी शोधून तग धरतं. दाव्याला नेहमी सुरगाठ ठेवा, एका हिसक्यात सुटेल अशी. गोठ्याची भिंत दगड-मातीची असेल आणि धक्के चालू असतील तर रात्री जनावरं आवारात बांधा, पण भिंतीपासून भिंतीच्या उंचीहून जास्त अंतरावर.

क्रोसिन, कॉम्बिफ्लाम, ब्रुफेन

माणसांच्या या वेदनाशामक गोळ्यांतलं काहीही जनावराला देऊ नका. पॅरासिटामॉलची, म्हणजे क्रोसिनची, एक गोळीही मांजराचा जीव घेऊ शकते. ब्रुफेन-कॉम्बिफ्लाममधल्या आयबुप्रोफेनने कुत्र्याच्या पोटात रक्तस्राव होतो, मूत्रपिंडं निकामी होतात. छावणीत औषधवाटप चालू असतं, शेजारी मायेने म्हणतो ‘अर्धी गोळी दे’, तेव्हा ठाम नकार द्या. झोपेची माणसांची औषधंही नकोत.

ढिगाऱ्यातून काढलेलं जनावर चालतंय म्हणजे बरं आहे असं नाही. ओठ वर करून हिरड्या पाहा. पांढुरक्या किंवा फिकट असतील, श्वास भराभर चालू असेल, पोट फुगत असेल तर आत रक्त जात असू शकतं. तेव्हा आधी पशुवैद्य, बाकी सगळं नंतर. फिरत्या पशुचिकित्सा पथकासाठी १९६२ हा क्रमांक आहे, तो मोबाइलमध्ये साठवा आणि कागदावरही लिहा.

छावणीतल्या चुका

मदतीच्या खिचडीत, भाजीत कांदा-लसूण असतो. कुत्र्याला तो वाईट, मांजराला त्याहून वाईट. नेहमीचं कोरडं खाणं आठवडाभराचं घट्ट डब्यात भरून ठेवलं तर हा प्रश्न येतच नाही. पाणी किलोमागे साधारण ५० ते ६० मिलीलिटर धरा. पंचवीस किलोच्या लॅब्राडॉरला दिवसाला दीड लिटर लागतं, उन्हाळ्यात जास्त.

गाडीत झोपायची वेळ आली तर काचा फटीएवढ्या खाली ठेवा आणि ऊन वर आलं की जनावराला आत एकटं सोडू नका. किल्लारीच्या वेळी पावसाने हाल केले होते. साचलेल्या पाण्यात लेप्टोस्पायरोसिसचा धोका असतो, कुत्र्याला ते पाणी पिऊ देऊ नका. भटके कुत्रेही भेदरलेले, भुकेले असतात. रेबीजची लस वेळेवर झालेली असणं आणि तिचा दाखला हाताशी असणं, दोन्ही लागतं.

कातडीखाली ओळखीची मायक्रोचिप बसवलीय म्हणून निश्चिंत राहू नका. ती वाचायचं यंत्र ज्याला कुत्रा सापडेल त्याच्याकडे नसतं. गळ्यात फोन क्रमांक हवेत, आणि त्यातला एक दुसऱ्या गावच्या नातेवाइकाचा, कारण इथलं नेटवर्क बंद असेल. जनावराबरोबर तुमचा फोटो छापून ठेवा, त्यात त्याची खूण दिसली पाहिजे.

पक्ष्यांचे पिंजरे खिळ्याला टांगू नका. कॉकाटील अंधारात दचकून पंख आपटतात आणि जखमी होतात, त्यांच्यापाशी रात्री छोटा दिवा ठेवा. माशांची टाकी फुटली तर ओल्या जमिनीवर पाय टाकण्याआधी मेन स्विच बंद करा.

‘जवळ घेतलं तर अजून भित्रा होईल’

नाही होत. भीती ही शिकवलेली खोड नाही, ती कुरवाळल्याने वाढत नाही. उत्तरधक्के आठवडे, महिने येत राहतात. ट्रक गेला तरी कुत्रा थरथरतो, घरात लघवी करतो, उंबरठा ओलांडायला तयार होत नाही. ओरडू नका, ओढत आत नेऊ नका. पहिल्या दिवशी ताट दारात, मग दोन पावलं आत, मग खोलीत. फिरायची आणि जेवायची वेळ मात्र पूर्वीचीच ठेवा. महिना-दीड महिन्यातही फरक पडला नाही तर पशुवैद्याशी बोला, यावर औषधं आहेत.

दोन गोष्टींत थांबायचं नाही. मांजराने दोन दिवस काहीच खाल्लं नाही तर तिच्या यकृतावर परिणाम होऊ लागतो. आणि बोका वारंवार मातीत बसतोय, जोर लावतोय, पण थेंबही पडत नाही, असं दिसलं तर लघवीचा मार्ग अडलेला असू शकतो. ताणाने बोक्यांना हे होतं आणि एक-दोन दिवसांत जीव जातो. बद्धकोष्ठ समजून तेल पाजत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा.